दक्षिणा, केळुसकर मास्तर आणि आमचा फंड

मंडळी, गेला महिनाभर आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. एरवी तिथे काय असतं? सुप्रभात, वाढदिवस आणि हायवेवरच्या खड्ड्यांचे फोटो. पण या वेळी कुणीतरी लिहिलं, "आपण सगळे कमावतोय. गावातल्या पोरांच्या कॉलेजच्या फीसाठी काहीतरी करूया." आणि चक्क तेवीस जण हो म्हणाले! महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे महिन्याचे ११,५००, वर्षाचे १ लाख ३८ हजार. मी इंजिनिअर. त्यामुळे अर्ध्या तासात एक्सेल शीट तयार झाली, त्यात रंगीत रकानेही झाले.

आमचं गाव नांदगाव. सिंधुदुर्गात, कणकवलीच्या अलीकडे, मुंबई-गोवा हायवेवर. देवगडचा रस्ता जिथे फुटतो तो तिठा बऱ्याच जणांनी गाडीच्या काचेतून पाहिला असेल. बाबा त्याच तिठ्यावर रिक्षा चालवायचे. रविवारी फोनवर मी त्यांना मोठ्या उत्साहाने फंडाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"पैशे जमतले रे. पण फॉर्म कोण भरतलो?"

"कसलो फॉर्म?"

"तुझो फॉर्म भरूक कोण धावललो, इसारलंस?"

विसरलो नव्हतो. पण खरं सांगायचं तर शीटमध्ये त्याचा रकाना नव्हता.

तर या वीकेंडला हिंजवडीतल्या फ्लॅटवर बसून मी एकच उद्योग केला. आपल्याकडे शिष्यवृत्त्या आल्या कुठून, कुणाला मिळाल्या आणि कशा मिळाल्या, हे वाचत बसलो. वाचता वाचता बाबांचा प्रश्न दोनशे वर्षं जुना निघाला. त्याचीच ही गोष्ट.

श्रावणातले पैसे

सुरुवात करावी लागते पुण्यातून, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यापासून. श्रावण महिन्यात देशभरातले विद्वान ब्राह्मण इथे जमत आणि त्यांना दक्षिणा मिळे. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाडे सेनापतींची, पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. कागदोपत्री हा विद्येचा सन्मान. पण व्यवहारात काय, तर जन्म ब्राह्मणाचा हवा आणि श्रावणात पुण्याला पोचायला हवं. या दोन अटींत बसत नाही त्याला विद्या असली काय नि नसली काय!

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम बंद केला नाही, त्याचा रोख मात्र बदलला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यामागे हेच दक्षिणेचे पैसे होते. मग १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की या निधीतून मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्या. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, त्यात पुढे होते. सनातन्यांनी त्यावर केवढा गहजब केला! पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झालीच. पुढे याच निधीतून कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांना 'दक्षिणा फेलो' म्हणून पैसे मिळू लागले.

आता इथे आमच्या मालवणचा प्रवेश होतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुण्यातली भांडारकर संस्था सगळ्यांना माहीत असते, पण हा माणूस ६ जुलै १८३७ रोजी मालवणात जन्मला हे खुद्द मालवणातल्या पोरांनाही पटकन सांगता येत नाही. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे बदल्या. रत्नागिरीला बदली झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. १८५३ मध्ये तो शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला आणि १८५९ मध्ये दक्षिणा फेलो झाला. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी त्याला संस्कृत शिकण्याचा आग्रह केला म्हणून तो त्या वाटेला लागला. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. चारांतला एक मालवणचा!

वाचताना अभिमान वाटतोच. पण जरा थांबून मोजलं की दिसतं, या साखळीत किती गोष्टी जुळून आल्या. वडील सरकारी नोकरीत होते. बदली नेमकी शाळा असलेल्या गावी झाली. मुंबईला राहायची सोय झाली. वर एक साहेब भेटला, ज्याने मुलाला नीट पारखलं. शिष्यवृत्ती या साखळीची शेवटची कडी. बाकीच्या कड्या नसत्या तर ती कुणा दुसऱ्याच्या गळ्यात पडली असती.

याच निधीचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण मला ते फार आवडलं. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झालेल्या एका मुलीला दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि ती मुंबईत समाजशास्त्राच्या अभ्यासाला गेली. ती इरावती कर्वे. तिचे मार्गदर्शक होते गो. स. घुर्ये, तेही मालवणात जन्मलेले. ते स्वतः मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले होते, पॅट्रिक गेडिस यांनी त्यांना निवडलं म्हणून. म्हणजे रमण्यात फक्त ब्राह्मण पुरुषांना वाटलेल्या पैशाची परंपरा शंभरेक वर्षांत एका बाईच्या एम.ए.पर्यंत पोचली. पैसे तेच, नियम बदलले. नियम बदलायला मात्र दर वेळी कुणीतरी अर्ज केला, भांडण ओढवून घेतलं.

जोतीरावांनी काढलेला बग

आमच्या ग्रुपवर पहिला वाद झाला तो निकषाचा. एक मित्र बँकेत आहे. त्याचं म्हणणं साधं, "टॉप तीन पोरांना द्या. मार्क बघा, संपलं. वशिल्याचा प्रश्नच नाही." मलाही पटलं होतं. सोर्ट करा, पहिल्या तीन ओळी घ्या. कोडच्या दोन ओळी.

हा वाद १८८२ मध्ये होऊन गेलाय. त्या वर्षी हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करत होतं आणि जोतीराव फुल्यांनी त्यापुढे निवेदन दिलं. त्यात शिष्यवृत्त्यांबद्दलही मत आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्पर्धा घेऊन शिष्यवृत्ती देणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा लोकांसाठी ठेवा, ज्यांच्यात शिक्षण अजून पोचलेलंच नाही.

बघा हं, स्पर्धा खोटी आहे असं ते म्हणत नाहीत. ती तत्त्वतः न्याय्य आहे हे मान्य करून ते परिणाम दाखवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम बरोबर चालतोय, पण तो भलताच प्रश्न सोडवतोय. आमच्या शाळेत पहिला येणाऱ्या मुलाला कॉलेज चुकत नाही हो. त्याच्या घरच्यांना, मामाला, मुंबईच्या काकाला सगळ्यांना तो माहीत असतो. आमच्या तीन हजारांनी त्याचं काही अडलेलं नसतं. अडतं ते अकराव्या नंबरच्या मुलाचं.

केळुसकर मास्तर

आता खरी गोष्ट. हे नाव मी शाळेत कधी ऐकलं नव्हतं, आणि माणूस आमच्याच जिल्ह्यातला. कृष्णराव अर्जुन केळुसकर. जन्म १८६०, गाव वेंगुर्ल्याजवळचं केळुस. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये मास्तर. त्यांनी मराठीत बुद्धाचं चरित्र लिहिलं, शिवाजी महाराजांचंही लिहिलं.

केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे एक मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचत बसलेला दिसे. मास्तरांनी चौकशी केली. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगडजवळचं आंबडवे. मुंबईत घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली, तिथे वाचायला जागा कुठली असणार! १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, सत्काराची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. ही भेट पुढे कुठे पोचली ते सगळ्यांना माहीत आहे.

पण मला इथे पुस्तकापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉलेजच्या मध्यावर वडिलांचे पैसे संपले. बडोद्याचे सयाजीराव महाराज अशा विद्यार्थ्याला मदत करायला तयार होते. आता नीट बघा: एका बाजूला पैसे द्यायला तयार राजा, दुसऱ्या बाजूला पैशाअभावी अडलेला मुलगा. दोघेही एकमेकांना अनोळखी. मध्ये कोण? केळुसकर मास्तर. त्यांनी शब्द टाकला, मुलाला घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या २५ रुपयांवर बी.ए. पूर्ण झालं.

मास्तरांनी स्वतःच्या खिशातून फी भरली नाही. त्यांनी मुलगा पाहिला, दार कुठे आहे ते माहीत करून घेतलं आणि एका संध्याकाळी त्याला दारापर्यंत नेलं. हॉवर्डने भांडारकरांसाठी आणि गेडिसनी घुर्यांसाठी थोडंफार हेच केलं. पण ते मोठे साहेब लोक होते. केळुसकर साधे शाळामास्तर. म्हणून मला ते जास्त जवळचे वाटले.

गोष्ट इथे संपत नाही. १९१३ मध्ये बडोदा सरकारने आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी करार झाला. करारातली अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, बाँड!

ते परत आले, १९१७ मध्ये अट पाळायला बडोद्याला हजर झाले. आणि झालं काय? अख्ख्या बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी उतारशाळेत कसेबसे राहिले, जात कळल्यावर तिथूनही हाकलले गेले. कोलंबियात शिकून आलेला माणूस दुःखी मनाने बागेत बसून राहिला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. थोड्याच दिवसांत बडोदा सोडावं लागलं. दहा वर्षांचा बाँड, आणि तुटला कशावरून, तर भाड्याच्या एका खोलीवरून.

ग्रुपवरचा दुसरा वाद बाँडचाच होता. "आपले पैसे घेऊन पोरं मुंबई-पुण्याला जाणार आणि तिथेच राहणार. मग गावाला काय? परत येण्याची अट घाला." चिंता खोटी नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. राज्य वाढतंय आणि आमचा जिल्हा आटतोय. एका बाजूला दहावी-बारावीच्या निकालात २०१२ पासून कोकण विभाग राज्यात पहिला, दुसऱ्या बाजूला गावात कुलूप लावलेली घरं. पोरं शिकतात आणि जातात. (लिहितोय कोण? हिंजवडीत बसलेला मी!) पण ज्या गावात परत येऊन करायला काम नाही, तिथे अठरा वर्षांच्या मुलाकडून कागदावर सही घेऊन काय होणार? बडोद्याने करार केला होता, जागा केली नव्हती. आम्ही बाँड घालायचा नाही असं माझं मत तिथेच पक्कं झालं.

उपकार ते हक्क

आंबेडकरांनी स्वतः जे भोगलं त्यातून पुढे काय काढलं, ते या सगळ्या गोष्टीतलं मोठं वळण आहे. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि तिथे त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मागितले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. म्हणजे राजा दयाळू असण्याची गरज उरली नाही. बागेत मास्तर भेटण्याच्या योगायोगावरही सगळं अवलंबून राहिलं नाही. नियमात बसता ना? मग तो तुमचा हक्क.

पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांसाठी फीमाफी आली. वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न, तर फी माफ. आमच्या आधीच्या पिढीला 'ईबीसी' ही तीन अक्षरं पाठ असायची. आज तर यादी बरीच लांब आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ.

मग आमच्या १ लाख ३८ हजारांची गरजच काय, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

स्कूटरची मागची सीट

आता थोडं माझं. २००७ मध्ये मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसलो. बाई संध्याकाळी सहापर्यंत पेपर सोडवून घ्यायच्या आणि परीक्षेच्या दिवशी आम्हा सात जणांना एसटीने केंद्रावर घेऊन गेल्या, डब्यात सगळ्यांसाठी पोळी-भाजी. मिळालेली रक्कम तुटपुंजी होती, पण "पोरगा स्कॉलर" हे वाक्य आईला पुढे दहा वर्षं पुरलं.

२०१५ मध्ये बारावी झाली. इंजिनिअरिंगला नंबर लागणार होता, पण आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल वगैरे कुठून काढायचं आणि कधी. हायस्कूलमधले आमचे गणिताचे सर मला स्कूटरवर बसवून कणकवलीला तहसीलदार कचेरीत घेऊन गेले. एकदा नाही, चार वेळा. नंतर कळलं की दर जून महिन्यात सरांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर कोणी ना कोणी पोरगा छातीशी फाईल धरून बसलेला असायचाच. पेट्रोलचे पैसे विचारले तर म्हणायचे, "पहिला पगार झाला की बघू." पहिल्या पगाराला विचारलं तर म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाला तरी बसव."

नाव कागदावर लागलं तरी एक गोम होतीच. कॉलेजने सांगितलं, फी आधी भरा, शिष्यवृत्ती येईल तेव्हा परत मिळेल. ती आली दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर. तोवर आईच्या बांगड्या पतपेढीत. बांगड्या सुटल्या, सगळं नीट झालं, म्हणून आज हे लिहितोय. पण ज्यांच्या घरी बांगड्या नव्हत्या त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सर २०२१ मध्ये निवृत्त झाले. स्कूटर अंगणात उभी आहे. आणि २०२४ मध्ये गावातली एक मुलगी बारावीला ८२ टक्के मिळवून घरी बसली. गेल्या गणपतीत ती तिठ्यावरच्या एका दुकानात काम करताना दिसली. बोलता बोलता मी तिला मुलींच्या फीमाफीचं सांगितलं. ती नियमात पूर्ण बसत होती. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला वेळेत काढला असता की झालं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"दादा, माका कोणी सांगूकच नाय."

तिच्यासाठी राजा होता, पैसेही होते. केळुसकर नव्हते.

मुरुड फंड

मग गावाने काय करायचं? इथे मला आमच्याच किनाऱ्यावरचं, पण दापोलीकडचं एक उदाहरण सापडलं.

धोंडो केशव कर्वे, मुरुडचे. १८७५ मध्ये त्यांना सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून शंभराहून जास्त मैल चार दिवसांत चालत गेले. पोचल्यावर परीक्षा समितीच्या साहेबांनी पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. झालं, परत चालत घरी! वय बसत होतं, पण 'दिसत' नव्हतं. पुढच्या वेळी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले.

पुढे हेच कर्वे मुंबईत शिकले, शिकवू लागले, आणि १८८६ च्या सुमारास त्यांनी मुरुड फंड काढला. मुंबईत कमावणाऱ्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा वाटा गावासाठी, गावच्या शिक्षणासाठी बाजूला काढायचा. म्हणजे आमच्या ग्रुपवरची कल्पना साधारण १४० वर्षं जुनी. आम्हाला वाटत होतं आम्हीच पहिले :)

पण कर्व्यांनी नुसती वर्गणी गोळा केली नाही. मुर्डीचा रघुनाथ परांजपे हा त्यांच्या नात्यातला मुलगा. त्याला त्यांनी मुंबईत स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं. तो मॅट्रिकला पहिला आला, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला. परत येऊन फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. शिष्यवृत्ती सरकारची खरी, पण त्याआधीची खोली आणि जेवण कर्व्यांचं.

खोली आणि जेवण. हा मुद्दा कोकणासाठी नेहमीच फीपेक्षा मोठा होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं. आणि रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता, पहिलं कॉलेज निघालं १९४५ मध्ये, रत्नागिरी शहरात. सावंतवाडीला कॉलेज आलं १९६१ मध्ये. तोवर कॉलेज म्हणजे घर सोडणं, दुसरा पर्यायच नाही. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्या आणि खानावळी नसत्या, तर आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं शिक्षण आणि नोकरी दोन्ही राहिलं असतं. त्या खोल्यांना कुणी शिष्यवृत्ती म्हटलं नाही, पण काम तेच केलं.

शीटचे नवे रकाने

असो. रविवारी रात्री मी जुनी शीट पुसली आणि नवी केली. सोमवारी ग्रुपवर टाकली. थोडी हाणामारी झाली (बँकवाला मित्र अजून पूर्ण पटलेला नाही), पण शेवटी ठरलं ते असं.

पहिलं, टॉप तीन नाहीत. पास झालेला आणि पुढे शिकायचं आहे असा कोणीही. सत्कार, शाल, फोटो यावर एक रुपया खर्च नाही. शाळा करतेच ते, आणि छान करते.

दुसरं, आमचे पैसे फीला नाहीत. फी सरकार देतं, ती मिळवायची. आमचे पैसे मधल्या काळासाठी. प्रवेशाच्या वेळी आगाऊ भरायची रक्कम, वसतिगृहाचं डिपॉझिट, पहिल्या दोन महिन्यांची मेस, दाखल्यांसाठीच्या फेऱ्या. शिष्यवृत्ती जमा झाली की आगाऊ दिलेले तेवढे परत, बिनव्याजी, म्हणजे पुढच्या जूनला ते दुसऱ्याला. उशिरा आली तर उशिरा. पण कुणाच्या बांगड्या पतपेढीत जाता कामा नयेत.

तिसरं, बाँड नाही. परत या, नका येऊ. फक्त कमावायला लागलात की कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा.

आणि चौथा रकाना, जो बाबांनी घालायला लावला: 'फॉर्म कोण भरणार'. तेवीस जणांनी दोन-दोन मुलं वाटून घ्यायची. दहावी-बारावीच्या वर्षातच त्यांना फोन करायचा, निकालानंतर नाही. कोणता दाखला कधी काढायचा, ऑनलाइन अर्जाची तारीख कधी, बँक खातं आधारला जोडलंय का, सगळं आम्ही बघायचं. आम्ही दिवसभर दुसऱ्या देशातल्या कंपन्यांचे फॉर्म चालतात की नाही ते तपासतो, तर गावातल्या पोरांचे तपासायला काय हरकत आहे?

हे सगळं ठरल्यावर मी सरांना फोन केला. भीत भीतच विचारलं, की दाखल्यांच्या कामात आम्हा पुण्या-मुंबईवाल्यांना कचेरीतलं काही कळत नाही, तुम्ही महिन्यातून एखादा दिवस शाळेत बसाल का? सर हसले. म्हणाले, "बसतो. पण स्कूटरची बॅटरी गेलीये, ती आधी तुमच्या फंडातून घाला."

शीटमध्ये पहिला खर्च तोच लिहिलाय. आणि त्यांच्या यादीत पहिलं नाव त्या दुकानातल्या मुलीचं आहे. नव्या वर्षाच्या प्रवेशाला ती बसू शकते का, कोणते कागद लागतील, हे सर या आठवड्यात बघणार आहेत. मी पुढच्या शनिवारी नांदगावला जातोय. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले,

"येताना लॅपटॉप हाड."